काटेमास्तरांनी बाळ तोललं

डोळे मिटा. घट्ट. आता गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला टेकवा आणि कल्पना करा, की तुम्ही कोमट पाण्यात डोकं खाली, पाय वर करून तरंगताय. अंधार आहे, पण भीती वाटत नाही, कारण उजेड म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच नाही. भूक लागत नाही. नाकाने श्वास घ्यावा लागत नाही. बेंबीतून एक नळी निघाली आहे आणि हवं ते सगळं त्या नळीतून बिनबोभाट येतं. अंगठा तोंडात जातो. मधूनच उचकी लागते. जागा मात्र दिवसेंदिवस अपुरी पडत चालली आहे. कोपर जरा लांब केलं की भिंत लागते आणि भिंतीपलीकडून कोणीतरी "अगं बाई!" म्हणतं.

ओळखलंत? तुम्ही सगळे तिथे राहून आलेले आहात. चांगले नऊ महिने. आठवत कोणालाच नाही, एवढंच.

आता कान द्या. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून तिथे ऐकू यायला लागतं. आईच्या काळजाची धडधड, तिच्या पोटातली गुरगुर, तिचं बोलणं. बाहेरच्यांचे आवाजही येतात, पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखे. या गोष्टीतल्या बाळाला आईच्या खालोखाल जो आवाज ऐकावा लागला तो त्याच्या थोरल्या काकांचा. डोळ्यांना पापण्या असतात, पण कानांना झाकणं नसतात. निसर्गाने सगळं इतकं विचार करून केलं आणि नेमकं हेच विसरला.

काकांची ओळख करून देतो. घर दुमजली होतं. वर दोन खोल्या, खाली दुकान. दुकानात वजनकाटे दुरुस्त होत. गोण्या तोलायचे, भाजी तोलायचे, औषधं तोलायचे, सगळे. दुरुस्त करायचे बाबा. बाबा दिवसभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसत आणि कोणी काही विचारलं तर "हूं" म्हणत. काका पुढे, दाराशी, हाताच्या खुर्चीत बसत आणि बोलत. दुकान चालायचं बाबांच्या हातांवर आणि काकांना वाटायचं, आपल्या जिभेवर चाललंय. अशी माणसं जगात पुष्कळ आहेत. तुम्हालाही भेटतील, तेव्हा दचकू नका.

सगळी गल्ली त्यांना काटेमास्तर म्हणायची. निम्मी थट्टेने, पण काकांनी ते नाव पूर्ण मानाने घेतलं होतं. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. वाक्य खोटं नव्हतं. काटा खरंच खोटं बोलत नाही. पण काटा फक्त एवढंच सांगतो, की ही वस्तू किती जड आहे. त्यापुढचं सगळं काका बोलत आणि काट्याच्या नावावर खपवत.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. "आमच्या मापात बसेल अशी मिळाली नाही," असं ते सांगत. मुलींचं काय म्हणणं होतं ते कोणी विचारलं नाही, पण अंदाज करता येतो.

घरात एक मुलगी होती. नऊ वर्षांची. तिचे प्रश्न चिमटा काढल्यासारखे असायचे म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. आईला दिवस गेले तेव्हा चिमटीने पहिला प्रश्न बाबांना विचारला, "बाळ आत्ता केवढं आहे?" बाबा म्हणाले, "हूं." मग ती आईबरोबर दवाखान्यात गेली आणि तिथल्या नर्सबाईंना विचारून आली. नर्सबाई हडकुळ्या, उंच, सायकलवरून फिरणाऱ्या. त्यांनी टेबलाच्या खणातून घेवड्याचा एक दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "एवढं. पण याचं काळीज आत्ताच धडधडतंय."

काकांना मात्र असे प्रश्न पडत नसत. त्यांना उत्तरं पडत. पाचव्या महिन्यापासून ते दर रविवारी आईला गोण्या तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं करायला लागले. आईशी ते थेट बोलत नसत. तिच्याकडे पाठ करून बाबांना म्हणत, "तिला सांग, चपला काढून चढ." आई बिचारी चढायची. घरात वाद नको, एवढंच तिचं म्हणणं. मग काका आकडा वाचत, आधीचं वजन वजा करत आणि जाहीर करत, "वाढलं ते सगळं बाळाचं. साधी वजाबाकी आहे."

नवव्या महिन्यात आईचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं.

"अकरा किलोचं बाळ?" चिमटी म्हणाली.

"थोडं इकडेतिकडे धरू," काका उदारपणे म्हणाले. "पण सहा किलो कुठे गेलं नाही."

आणि त्यांनी गल्लीभर सांगितलं, सहा किलोचं बाळ येतंय. चिमटी नर्सबाईंकडे गेली. बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. बाळ तीनेक किलो. त्याला अन्न पोचवणारी वार अर्धा-पाऊण किलो. ज्यात ते पोहतं ते पाणी किलोभर. ज्या पिशवीत ते राहतं ती पिशवीही वाढते. आईच्या अंगातलं रक्त वाढतं. आणि राहिलेलं आईच्या अंगावर साठतं, पुढे दूध करायला उपयोगी पडावं म्हणून. "तुझ्या काकांना सांग," बाई म्हणाल्या, "भरलेली गोणी तोलली म्हणजे तांदळाचा दाणा तोलला असं होत नाही."

चिमटीने सांगितलं. काका म्हणाले, "ती सायकलवरची? तिला काय कळतंय वजनातलं!"

मग तो दिवस आला. आईच्या पोटात रात्री कळा सुरू झाल्या आणि बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दवाखान्यात जन्मलं. मध्ये जे झालं त्याला मेहनत म्हणतात. तुम्ही मोठ्यांना दगड फोडताना, ओझी वाहताना पाहिलं असेल. त्या सगळ्यांनी या कामापुढे टोपी काढावी. आणि बाळाचीही मेहनत असतेच. एवढ्याशा वाटेतून डोकं बाहेर काढायचं, म्हणून कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. बाहेर आल्यावर छातीत भरलेलं पाणी बाजूला सारून आयुष्यातला पहिला श्वास घ्यायचा. तो घेतला की रडू फुटतं आणि ते ऐकून आजूबाजूचे हसतात. एवढं सगळं आत चाललेलं असताना काका बाहेरच्या बाकावर बसून, तिथे वाट बघत बसलेल्या तीन घाबरलेल्या बापांना बाळंतपण कसं करावं ते समजावून सांगत होते.

बाळाचं वजन भरलं तीन किलो शंभर ग्रॅम.

"काटा बाद आहे," काका म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. काका त्याच्याही पुढे गेले. घरी जाऊन एक किलोचं पितळी प्रमाण वजन खिशात घालून परत आले आणि वॉर्डातल्या नर्सला म्हणाले, "मला तुमचा काटा तपासायचाय." त्या बाईने रात्रभरात चार बाळंतपणं केली होती. तिने काटा पुढे सरकवला. काकांनी वजन ठेवलं. एक किलो. उचलून पुन्हा ठेवलं. एक किलो.

"काटा बरोबर आहे ना?" ती म्हणाली. "मग काय, बाळ बदलून देऊ?"

दुसऱ्या दिवशी बाळ घरी आलं. चिमटीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. लालभडक तोंड, चेपलेलं नाक, दुधीसारखं लांबुडकं डोकं, खांद्यांवर बारीक केस. तिने इतके महिने वाट पाहिली होती ती याची.

"हे असंच राहणार?" तिने आईला विचारलं.

"तू याहून वाईट होतीस," आई म्हणाली.

मग बाळाने शी केली. ती डांबरासारखी काळी आणि चिकट होती. चिमटी तीन पावलं मागे सरली. आई हसली आणि म्हणाली, "पोटात असताना गिळलेलं नऊ महिन्यांचं साठलंय ते. आता दोन-तीन दिवस हेच निघणार." चिमटीला बाळाबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला.

तेवढ्यात खालून काकांची हाक आली, "त्याला आण खाली!"

दुकानात कपाटावर एक जुना काटा होता. औषधांच्या कारखान्यातला, दोन पितळी पारड्यांचा, ग्रॅमभर फरकही दाखवणारा. गिऱ्हाईक तो दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नव्हतं. काकांनी तो पुसून टेबलावर मांडला होता. बाबांनी बाळाला आणलं. थंड पितळ अंगाला लागताच बाळाने टाहो फोडला. खाली दुपटं घातलं, तर काकांनी आधी दुपटं तोलायला लावलं. मग बाळ. काकांनी भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलं: तीन किलो दहा.

"एका दिवसात नव्वद ग्रॅम गेले!" काका म्हणाले. "कुठे गेले?"

"शीमध्ये," चिमटी म्हणाली.

"तू गप गं. हे दूध कमी असल्याचं लक्षण आहे."

आणि तिथून सुरू झालं. काका बाळाला पाजायच्या आधी तोलत आणि पाजल्यानंतर तोलत. वर आई अंथरुणावर. तिला अजून नीट बसवत नव्हतं. तिने बाळाला छातीशी घेतलं की खालून हाक यायची, "झालं का?" बाळ अर्धा तास चोखायचं आणि काट्यावर फरक पडायचा पाच ग्रॅमचा, सहा ग्रॅमचा.

"पाच ग्रॅम!" काका जिन्यातून ओरडत. "अर्ध्या तासात पाच ग्रॅम! अरे, एवढं तर माशी पिते!"

आता तुम्हीच सांगा, दोन दिवसांच्या बाळाचं पोट केवढं असतं? खेळायच्या गोटीएवढं. गोटीत बादली ओतता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, थेंब थेंब. त्या थेंबात आजारांशी लढायची एवढी ताकद असते की जाणती माणसं त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. काट्यावर ताकद चढत नाही. म्हणून काकांना ती दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर आकडा आला: दोन किलो नऊशे पंधरा.

 चिमटीने पाहिलं, की त्यानंतर बाळाला घेताना आई त्याच्याकडे बघायचं सोडून खालच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागली. जराशाने तिनेच विचारलं, "माझंच काही चुकतंय का गं?" नऊ वर्षांच्या पोरीला! तीन दिवसांपूर्वी ज्या बाईने रात्रभर कळा सोसल्या, तिचा धीर एका रिकामटेकड्या माणसाच्या खडूने खाल्ला.

दुपारी नर्सबाई सायकलवरून आल्या. त्यांनी बाळाला दुपट्याच्या झोळीत घातलं, झोळी स्प्रिंगच्या काट्याला अडकवून वर धरली, डोळे पाहिले, कातडी पाहिली, लंगोट मोजले. मग आईच्या अंथरुणावर बसल्या.

"ताई, बाळ उत्तम आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत सगळीच बाळं उतरतात. शंभरातले सात भाग, कधी जरा जास्त. दहाच्या वर गेलं तर मी बघेन. दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. मागेल तेव्हा पाजा. जेवढं पिईल तेवढं येईल. न प्यायलं तर येणार नाही."

"डब्याचं दूध?" आईने हळूच विचारलं.

"ज्या बाळाला गरज असते त्याला डबा म्हणजे जीवदान आहे. मी स्वतः किती बाळांना दिलाय. पण याला आत्ता बाटलीने भरलं तर हे झोपून जाईल, चोखणार नाही. आणि मग तुमचं दूध खरंच आटेल. दोन दिवस धीर धरा."

बाई जिना उतरल्या तेव्हा काका दाराशी उभे होते. त्यांचं लक्ष बाईंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या काट्याकडे होतं.

"स्प्रिंगचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"स्प्रिंग थकते, बाई. वर्षाला पंचवीस-तीस ग्रॅम खाते. यावर तुम्ही बाळं तोलता?"

"काट्याबरोबर मी बाळही बघते हो," नर्सबाई म्हणाल्या आणि सायकलवर बसून गेल्या.

काकांनी हे ऐकलं नाही. एकदा काटा स्प्रिंगचा निघाला म्हटल्यावर बाईंचं बोलणंही स्प्रिंगचंच ठरलं. संध्याकाळी ते डबा आणि बाटली घेऊन आले आणि दोन्ही टेबलावर मांडून बाबांना म्हणाले, "तिला सांग, उद्या सकाळचं वजन शेवटचं. आजच्यापेक्षा कमी भरलं तर डबा उघडणार. पोराचा जीव मी असा जाऊ देणार नाही."

"हूं," बाबा म्हणाले. पण हे "हूं" नेहमीपेक्षा जरा लांब होतं.

चिमटी तिथेच उभी होती. तिच्या मनात एक विचार आला. पारड्याच्या तळाला मेणाने पन्नास ग्रॅमचं वजन चिकटवलं की झालं. उद्या आकडा वाढेल, डबा बंद राहील. या घरात एवढी वाईट गोष्ट दुसरी नव्हती. काटा जरा हलका करून द्या म्हणणाऱ्या एका धान्यवाल्याला बाबांनी, हो, बाबांनी, दंडाला धरून बाहेर काढलं होतं. तिने मेणाचा गोळा हातात घेतला, बोटांत मऊ केला आणि पुन्हा डबीत टाकला. पाप लागेल म्हणून नाही. उद्या खोट्या आकड्यावर डबा बंद राहिला, तर परवा खऱ्या आकड्यावर उघडेल. आणि काकाच खरे ठरतील, की बाळापेक्षा काटा मोठा.

चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा मासळीवाली वाकलेलं पारडं घेऊन आली होती. पाच मुलांची आई, आवाज खणखणीत. बाळ काट्यावर होतं आणि बेंबीच्या देठापासून रडत होतं.

"दोन आठशे पंच्याहत्तर!" काकांनी जाहीर केलं. आवाजात दुःख कमी आणि आनंद जास्त होता. "सांगितलं होतं ना? रोज उतरतंय. उघडा डबा."

बाबांनी रडणाऱ्या बाळाला गुंडाळून वर आईकडे नेलं आणि ते परत आपल्या बाकावर येऊन बसले. काका पाणी गरम करायला ठेवून चहा पीत बसले. चिमटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुमचं वजन किती?"

कोणी स्वतःहून वजन विचारावं, यासारखं सुख काकांना दुसरं नव्हतं. ते लगेच उठून मोठ्या काट्यावर चढले. "चौऱ्याऐंशी किलो दोनशे. गेली सहा वर्षं हेच."

चहा झाला. आठ वाजले. काका आठ वाजता मागच्या संडासात जात. त्यावर घड्याळ लावावं इतके नेमाने. पंधरा मिनिटांनी ते हात पुसत परत आले, तर चिमटी काट्यापाशीच उभी.

"काका, पुन्हा उभे राहा ना."

"कशाला?"

"बघू तर."

ते चढले. चिमटीने वाकून आकडा वाचला, मोठ्याने. "त्र्याऐंशी सातशे. काका, अर्धा किलो गेला!"

"अगं बाई गं!" मासळीवाली ओरडली. "मास्तर वाळले! पंधरा मिनिटांत वाळले! अरे, बघताय काय, कोणीतरी डबा उघडा मास्तरांसाठी!"

"बाळाचंही असंच झालंय," चिमटी म्हणाली. "त्याचं तर नऊ महिन्यांचं साठलेलं होतं. आणि अंगातलं जास्तीचं पाणी."

मासळीवाली टोपलीवर बसून हसत होती. आणि वरून, लाकडी फळ्यांतून, आणखी एक हसू आलं. तोलणं सुरू झाल्यापासून आई पहिल्यांदा हसली होती.

काका काट्यावरून उतरले. त्यांचे कान लाल झाले होते. मूर्ख माणसाला चूक दाखवली तर तो ती सुधारतो असं तुम्हाला वाटत असेल, तर अजून तुम्ही लहान आहात. तो ती घट्ट धरतो.

"मी जेवलो की भरून काढतो," ते म्हणाले. "त्याला मिळतंय कुठे?"

"मिळतंय. परवा दोन लंगोट ओले झाले होते, काल चार. प्यायलंच नसतं तर आलं कुठून?"

"लाख बोललीस, पोरी," मासळीवाली म्हणाली. "मास्तर, माझी पाच पोरं मी कधी तोलली नाहीत हो. मासे तोलते मी."

"तुम्ही तुमचं पारडं घेऊन जा!" काका ओरडले. त्यांनी डबा फोडला, चमच्याने भुकटी मोजली, एकदा नाही तर तीनदा तोलली, बाटलीत घातली, कोमट झालेलं पाणी ओतलं आणि जोरजोराने हलवली. "आणा त्याला खाली. किती पितं ते तोलून दाखवतो सगळ्यांना."

ते बाटली घेऊन टेबलाकडे वळले आणि थांबले.

टेबलावर काटा नव्हता. म्हणजे होता, पण बाबांच्या बाकावर, कापडावर, तुकड्या-तुकड्यांत. दांडी एकीकडे, पारडी दुसरीकडे, साखळ्या, खिळे, आणि दांडी जिच्यावर झुलते ती पोलादी धार बाबांच्या हातात. बाबा ती फडक्याने पुसत होते.

"हे काय केलंस?" काका म्हणाले.

"धार बोथट वाटली, दादा."

"काल तर नव्हती!"

"आज वाटली."

"किती वेळ लागेल?"

बाबांनी धार उजेडात धरून पाहिली. त्यांच्या आयुष्यातलं हे बहुधा सर्वांत लांब भाषण असेल. "पंधरा दिवस लागतील. जास्त नाही. नर्सबाई म्हणाल्या तेवढेच."

मासळीवालीने तोंडावर हात धरला. काकांनी एकदा त्या तुकड्यांकडे पाहिलं, एकदा भावाकडे. काटा गेला, पण बाटली हातात होती. ते पाय आपटत जिना चढायला लागले आणि त्यांच्या पुढून, दोन-दोन पायऱ्या ओलांडत, चिमटी वर धावली.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चिमटीने आत पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती. पहाटेपासून तिची छाती जड झाली होती आणि आता तिचे कपडे पुढून भिजले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं. चीक संपतो आणि दूध उतरतं, कोणी काही म्हणो. बाळाची मूठ आईच्या अंगावर होती. आधी ते नुसतं चोखायचं, आता गिळताना आवाज येत होता. गट्. जरा थांबून पुन्हा गट्. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ मानेपर्यंत गेला होता. आई त्याच्याकडेच बघत होती. चिमटीने दार ओढून घेतलं.

काका वर पोचले. धापा टाकत होते.

"उघड. त्याला पाजायचंय."

आतून आईचा आवाज आला. तिने पहिल्यांदाच काकांना थेट उत्तर दिलं. "भाऊजी, बाळ पितंय."

"काय पितंय? वजन कुठाय? कशावरून पितंय?"

"ऐका की," चिमटी म्हणाली.

काका दाराकडे झुकले. दारापलीकडून आवाज आला. गट्. काकांनी तो ऐकला, आणि तुम्हाला सांगतो, त्यांना तो कळलाही. पण खाली मासळीवाली बसलेली होती, बाटली हातात होती, आणि बाटली घेऊन चढलेला माणूस बाटली घेऊन उतरला तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं.

"ते काही नाही. भरलेलं दूध वाया जाणार नाही," ते म्हणाले. "आत दे ही. आत्ताच्या आत्ता. प्यायला लागलं की मला हाक मार."

"द्या," चिमटी म्हणाली आणि हात पुढे केला.

इतक्या सहज कोणी आपलं ऐकेल, याची काकांना सवय होती. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

चिमटी सगळ्यात वरच्या पायरीवर दाराला पाठ टेकून बसली. तिने बाटलीचं रबरी बोंडीचं झाकण फिरवून काढलं, ते नीट बाजूला ठेवलं, काकांकडे पाहिलं आणि एका दमात सगळं दूध पिऊन टाकलं.